केसापेक्षाही बारीक ताण

दसऱ्याला गाडीची पूजा म्हणून मामांनी जुन्या मारुतीची चारही चाकं उतरवली, रिम घासले आणि आतून-बाहेरून चंदेरी रंगाचे दोन-दोन हात दिले. इंदूरच्या सुदामानगरातल्या गल्लीत तीन दिवस त्याचंच कौतुक चाललं होतं. पुढच्या रविवारी ओंकारेश्वरला निघालो. खंडवा रोडवर सिमरोल मागे पडलं, भेरूघाटाची वळणं सुरू झाली आणि मागच्या डाव्या चाकातून खट्-खट् ऐकू यायला लागलं. टायरमध्ये खडा अडकला असेल म्हणून उतरलो. व्हीलकॅप काढली, तर एक नट चक्क बोटांनी फिरत होता.

"अरे, मी स्वतः कसलेत! नटच हलक्या प्रतीचे निघाले," मामा म्हणाले. नट बिचारे बरे होते. घोटाळा रंगानं केला होता.

चाक नटांवर टांगलेलं असतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नट कसताना आपण त्यामागचा स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, ओढून ताणत असतो. ताणलेला स्टड रबरासारखा मागे यायला बघतो आणि त्या ओढीनं रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा हिसका, वळणावरचा रेटा हे सगळं मुख्यतः या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण सोसतं. लहान गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो, साधारण २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ३५ ते ४० किलोचा जोर. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडमध्ये त्यातून जवळपास साडेतीन टनांची ओढ तयार होते. चार नटांची मिळून चौदा टन!

एवढ्या ओढीनं स्टड वाढतो किती? हिशेब मांडला तर उत्तर येतं ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. आपला केस याहून जाड असतो. रिममध्ये थोडा लवचीकपणा असतो, त्याची मदत होते, तरी सगळा खेळ या केसभराहून कमी ताणाचा. आता रंगाचे थर बघा. नटाखाली एक, हबला टेकणाऱ्या बाजूला दुसरा. गाडी पळते, ब्रेक तापतात, रंग दबून चिरडतो आणि तेवढी जागा मोकळी होते. नट जागचा हललेलासुद्धा नसतो, पण स्टडचा ताण गेलेला असतो. गंज आणि वाळलेला चिखलही हेच करतात.

नट फिरायला लागतो तो यानंतर. पकड ढिली झाली की प्रत्येक वळणावर रिम हबवर किंचित इकडे-तिकडे सरकतो. बोटात अडकलेली अंगठी सरळ ओढून निघत नाही, पण गोल गोल फिरवत ओढली की सुटते. घसरण एका दिशेला सुरू झाली की दुसऱ्या दिशेलाही घर्षण अडवेनासं होतं. नटाच्या आट्यांचंही तसंच. आटे म्हणजे स्टडभोवती गुंडाळलेला उतारच, आणि घर्षण सुटलं की नट त्या उतारावरून तसूतसूनं परततो. आडव्या हालचालीनं नट किती झटपट सुटतात, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. त्यांच्या पद्धतीच्या चाचणीत, आपला ज्याच्यावर फार विश्वास असतो तो स्प्रिंग वॉशरही (नटाखालची चिरलेली स्प्रिंगसारखी चकती) फारसा टिकत नाही.

मग पान्यावर उभं राहून कसावं का? मुळीच नाही. सत्तर किलोचा माणूस फूटभर पान्याच्या टोकाला उभा राहिला तर दोनशे न्यूटन-मीटरच्या वर जातो. स्टड ताणाची हद्द ओलांडतो, कायमचा लांबतो आणि पुढे कधीतरी तुटतो. तेल लावणं हा दुसरा मोह. आपल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच स्टड ताणण्यात जातो, बाकीचा घर्षण खातं. तेलानं घर्षण घटलं की त्याच टॉर्कला ताण भलताच वाढतो. आटे गंजलेले असले तर उलटं होतं, हाताला घट्ट लागतं आणि ताण आलेलाच नसतो. अलॉय रिम बसवताना जुनेच नट वापरणं तर त्याहून वाईट. काही नट शंकूसारखे टेकतात, काही गोलाकार, काही सपाट. बैठक जुळली नाही तर नट नुसता कडेवर टेकतो.

मामांचं काय केलं ते सांगतो. घाटात आधी गाडी कडेला घेऊन चारही चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमानं कसले आणि हळूहळू घरी परतलो. ओंकारेश्वर राहिलंच. दुसऱ्या दिवशी नटांच्या बैठकी आणि हबला टेकणारी बाजू तारेच्या ब्रशनं पार धातूपर्यंत घासली. मामा हळहळत बघत होते. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या शेजाऱ्यानं टॉर्क रेंच दिला, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की 'कट्' आवाज करणारा पाना. चाक अधांतरी असताना नट नुसते बसवून घेतले, मग जॅक उतरवून 'कट्' आवाज येईपर्यंत कसले. मामींच्या नेलपॉलिशनं प्रत्येक नटापासून रिमपर्यंत एक लाल रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला.

रेघ जोडलेली असली तरी ताण गेलेला असू शकतो, म्हणून ८० किलोमीटर झाल्यावर पुन्हा रेंच लावला. पंधरा नटांना लगेच 'कट्' झालं. सोळावा, मागच्या डाव्या चाकाचा, जेमतेम बोटभर फिरला आणि मग थांबला. त्याच्याखाली चंदेरी रंगाची एक बारीक कड राहून गेली होती.