माठावरचा स्पीकर

कॅसेटच्या जमान्यात बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर कोणी फेकून देत नसे. तो मातीच्या माठाच्या तोंडावर उताणा बसवायचा, दोन वायरी जोडायच्या, की झाला 'म्युझिक सिस्टिम'. हातात धरला तर पत्र्यासारखा वाजणारा तोच स्पीकर माठावर बसला की डग्ग्याचा घुमारा ऐकवू लागे. आवाज माठ 'वाढवतो' अशी आमची समजूत होती. खरं तर माठ काहीच वाढवत नाही, तो एक भांडण सोडवतो.

स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट. उंच स्वरांच्या लहरी आखूड, त्या सरळ पुढे जातात. खर्जाचं तसं नाही. ४० हर्ट्झची लहर जवळपास साडेआठ मीटर लांब असते, तिला वीतभर स्पीकरला वळसा घालणं सहज जमतं. मग मागची लहर पुढचीला पुसून टाकते. मागच्या हवेचं करायचं काय, या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं म्हणजे स्पीकरच्या पेट्या.

सोपं उत्तर: कोंडून टाका. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान, तर स्प्रिंग ताठ आणि पडद्याला खालच्या स्वरांपर्यंत उतरणं अवघड. म्हणूनच चांगल्या बेससाठी एकेकाळी कपाटाएवढ्या पेट्या लागत. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हा दोषच कामाला लावला. पडद्याची कड मुद्दाम सैल ठेवायची आणि त्याला जागेवर आणायचं काम कोंडलेल्या हवेवर सोपवायचं. कापड-रबराच्या ताणापेक्षा हवेचा ताण जास्त एकसारखा, त्यामुळे आवाजही स्वच्छ. त्यांचा 'एआर-१' हा स्पीकर शेल्फवर मावत होता. अशा पेटीत लोकर किंवा काचतंतू भरले तर दाबल्या जाणाऱ्या हवेची उष्णता ते शोषून घेतात, हवा मऊ होते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. माठात जुन्या गोधडीचा कापूस कोंबणारे कळत-नकळत हेच करत होते.

दुसरं उत्तर याहून जुनं आहे. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली त्याचं पेटंट मिळालं: पेटीला भोक पाडा आणि त्यात नळी बसवा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात घुमते ना, तेच तत्त्व. ३० लिटरच्या पेटीला ७ सेंटिमीटर व्यासाची, १५ सेंटिमीटर लांब नळी लावली तर ती साधारण ४४ हर्ट्झला घुमते. त्या स्वराला पडदा जवळजवळ स्थिर असतो, आवाज नळीच काढते. मागची वाया जाणारी लहर उलटून पुढचीच्या मदतीला येते.

मात्र त्या स्वराच्या खाली गेलात की पडद्याला आधारच उरत नाही, तो नुसता फडफडतो. बंद पेटीचा बेस एक सप्तक खाली उतरताना १२ डेसिबलने घटतो, भोकाच्या पेटीचा २४ने. पेटी आणि नळीची मापं चुकली तर प्रत्येक गाण्यात एकच 'बुम्म' ऐकू येतो. ही मापं बरीचशी अंदाजपंचेच ठरत. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी त्यांना पक्कं गणित दिलं.

कर्ण्याच्या पेट्यांची तऱ्हा तिसरी. १९४६चा 'क्लिपशहॉर्न' हा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा विस्तार बनवतो आणि थोड्या वॅटमध्ये घर दणाणवतो, पण आकाराने कपाटच!

फुकट काहीच मिळत नाही, हा हिशेब जे. अँटन हॉफमन यांनी मांडला. गंमत म्हणजे हे अभियंते एका नामवंत पियानोवादकाचे चिरंजीव. खोल बेस, लहान पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी निवडा. तिसरी सोडावी लागते.

माझ्या मते फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीला बंद पेटीच बरी. वॅट आता स्वस्त झालेत, आणि चार भिंती खालच्या स्वरांना आपणहून उचलून धरतात, त्यामुळे तिची सावकाश उतरण भरून निघते. दुकानात मात्र बहुतेक स्पीकर भोकाचेच मिळतात, कारण पहिल्या दोन मिनिटांत तेच दणदणीत वाटतात. तुमचा तसा असेल आणि बेस खोलीत घुमत असेल, तर एक पायमोजा गुंडाळून त्या भोकात बसवा आणि नेहमीचंच गाणं पुन्हा लावा.