‘येथवर’ : उपकारस्तुतीची पार्श्वभूमी
इंदूरमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची रविवारची उपासना हिंदीत झाली, तरी बाळाचा जन्म, आजारातून उठणे किंवा नव्या घरात राहायला जाणे अशा निमित्ताने घरात ठेवलेली उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानण्याची प्रार्थना, बहुधा मराठीतच होते. वडीलधारे माणूस बायबलमधल्या १३६ व्या स्तोत्राची एकेक ओळ वाचते आणि बाकीचे ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद म्हणतात. ते सव्वीस वेळा येते, त्यामुळे शेवटाकडे मुलांचा आवाज मोठ्यांच्या पुढे गेलेला असतो. येथे ‘दया’ म्हटलेला मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’ आहे. दिलेला शब्द न मोडणाऱ्याची निष्ठा असा त्याचा रोख असून मराठी शब्दात ती छटा, माझ्या मते, थोडी फिकी पडते.

ही निष्ठा आठवत राहण्यासाठी इस्राएल लोकांनी केवळ मनावर विसंबून राहणे टाळले. यार्देन नदी ओलांडताना बारा वंशांच्या बारा जणांनी पात्रातला एकेक धोंडा खांद्यावर आणला आणि त्यांचा पुढारी यहोशवा याने ते गिलगाल येथे उभे केले, ते पुढे मुलांनी ‘हे धोंडे कसले?’ असे विचारावे म्हणून. पलिष्टी या शत्रूंवर विजय मिळाल्यावर संदेष्टा शमुवेल याने मिस्पाजवळ उभारलेल्या धोंड्याचे नाव एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा. येथवर परमेश्वराने साहाय्य केले, असे तो त्या वेळी म्हणाला. मात्र ही गोष्ट सांगणाऱ्या १ शमुवेल या पुस्तकाच्याच चौथ्या अध्यायात इस्राएलाची छावणी एबन-एजर नावाच्याच ठिकाणी होती, आणि तेव्हा पलिष्ट्यांनी त्यांचा पराभव करून कराराचा कोशही, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटीही, नेला होता. सातव्या अध्यायातला विजय वाचताना हे सहसा कोणी सांगत नाही. पण त्या पराभवाशेजारी ठेवल्याशिवाय ‘येथवर’ या शब्दाचे वजन कळत नाही.

जुन्या कौटुंबिक पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या तारखा लिहिण्याची पद्धत याच जातीची आहे. अशा पानावर वेगवेगळ्या हातांची अक्षरे आणि शाया एकाखाली एक येतात, आणि एखाद्या लेकराच्या जन्मापाठोपाठ दोनच ओळींनी त्याच्या मृत्यूची तारीखही असते.

आठवणीतून बांधिलकी कशी निघते, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात सर्वांत स्पष्ट दिसते. शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती द्यायची आणि मग आभाराचे दोन शब्द बोलून न थांबता सगळा इतिहास म्हणायचा: आपला पूर्वज अरामी होता, थोड्या लोकांनिशी मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊन उपरी म्हणून राहिला, तिथे छळ झाला, परमेश्वराने बाहेर काढले. त्यानंतरच्या आनंदात लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस, आणि गावातला उपरी यांनाही घ्यायचे आहे, कारण आपणही उपरी होतो हे त्याने नुकतेच स्वतःच्या तोंडाने सांगितलेले असते. यहोशवाने शखेम येथे लोकांकडून घेतलेली शपथही याच क्रमाने आहे: आधी अब्राहामापासूनचा वृत्तांत, नंतर कोणाची सेवा करणार हा प्रश्न.

त्या टोपलीच्या पठणात पूर्वजाचा उल्लेख ‘तो’ असा सुरू होतो आणि मिसरातला छळ येताच ‘आम्हांला’ असा होतो. म्हणणाऱ्याने मिसर कधी पाहिलेला नसतो.