पडवीवरचे सिमेंटचे पत्रे काढताय? आधी हे वाचा

"पत्रे बदलायचेत, कधी येता?" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, पत्रे फुटलेत का? कारण ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्या जुन्या पत्र्यात सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतूही असतात. पत्रा धड असेतोवर ते आत घट्ट बसलेले असतात. तो फोडला, कापला, घासला की त्यांची धूळ उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा कर्करोग दिसायला वीस-तीस, कधी चाळीस वर्षंही जातात. म्हणून "आम्ही जन्मभर कापले, काय झालं?" यावर जाऊ नका.

ओळखायचा कसा? रंग करडा, जाडी सुमारे ६ मिलिमीटर, पन्हळ मोठी. लोहचुंबक चिकटत नाही आणि वाजवला तर लोखंडी पत्र्यासारखा खणखणत नाही, ठप्प वाजतो. आतल्या बाजूला 'आयएस ४५९' (अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचा भारतीय मानक क्रमांक) असा छाप दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच. छाप पुसला असेल तर नुसत्या नजरेने कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, आम्हालाही नाही. अशा वेळी तो अ‍ॅस्बेस्टॉसचा धरूनच चालायचं. बघण्यासाठी कोपरा मोडू नका.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे पाऊस लागायच्या आत वर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं. धूळ उडते ती उडतेच, वर जुना पत्रा पायाखाली कधी फुटेल याचा नेम नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर पत्र्यांचे तुकडे अंगणातल्या चिखलावर पसरलेले आम्ही पाहिलेत. वरून पोरं आणि कोंबड्या फिरत होत्या.

आम्ही पत्रा आधी पाण्याने भिजवतो, हूक कापतो आणि पत्रा अख्खा खाली घेतो. ग्राइंडर लावत नाही, वरून फेकत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो. उतरवलेले पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत जागीच जातात. रायगडात ती सोय तळोज्याला आहे. त्या गाडीभाड्याची रक्कम दरपत्रकात वेगळी दाखवतो. तिथे घासाघीस करू नका.

आणि पत्रे धड असतील, गळत नसतील तर राहू द्या. आमचं काम बुडालं तरी चालेल. शंका असेल तर जमिनीवर उभं राहूनच आतल्या बाजूचे दोन फोटो काढून पाठवा.