‘ऑटोमॅटिक’चा घोळ : दिवसा जळणाऱ्या दिव्यांची पार्श्वभूमी

२०१७ च्या उन्हाळ्यात जळगाव-धुळे रस्त्यावर नवी मोटारसायकल काढली, की समोरून येणारे हाताची बोटं मिटून-उघडून खूण करायचे. पारोळ्याला चहाला थांबलं तर टपरीवरून आवाज यायचाच, "भाऊ, लाईट चालू शे!" सांगून सांगून माणसं थकली, कारण बंद करायला बटणच नव्हतं.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना नियम लागू झाला : इंजिन सुरू, की हेडलाइट सुरू. कागदोपत्री नाव ‘ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन’, बोलताना ‘एएचओ’. गोंधळाचं मूळ या नावातच आहे. अंधार ओळखून दिवा लावावा असं यात काही नाही. होता तो स्विच काढून घेतला, एवढंच. याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणायचं तर घरातल्या देवापुढच्या नंदादीपालाही म्हणावं लागेल. त्यात बीएस-४ या धुराच्या नव्या मानकाची सक्तीही त्याच तारखेची. म्हणून गॅरेजवर आजही ‘बीएस-फोरची लाईट बंद होत नाही’ असंच ऐकू येतं. धुराचा नियम वेगळा, दिव्याचा वेगळा. मार्चअखेर न्यायालयाने बीएस-३ ची विक्री थांबवली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत सवलतीत गाड्या उचलायला शोरूमपुढे झुंबड उडाली होती. बटणवाल्या गाड्या त्यातही बऱ्याच गेल्या.

खरा ऑटोमॅटिक प्रकार कारमध्ये असतो. आरशामागे काचेला किंवा डॅशबोर्डवर उजेड मोजणारा छोटा सेन्सर असतो. उजेड ठरावीक पातळीखाली गेला की पुढचे-मागचे दिवे लागतात. पुलाखालून जाताना उघडझाप नको, म्हणून विझायला मुद्दाम थोडा वेळ घेतात. कल्पना जुनी आहे : १९५२ मध्येच अमेरिकी गाड्यांच्या डॅशबोर्डवर असा ‘डोळा’ बसला, पण तो समोरच्या गाडीचा झोत पाहून अप्पर-डिपर करायचा.

डीआरएल, म्हणजे दिवसा जळणारे दिवे (‘डेटाइम रनिंग लाइट’), ही तिसरीच गोष्ट. ती रस्ता दाखवत नाही, गाडी दाखवते. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेर दिवसा दिवे लावायला लावले, स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभर. कॅनडात डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना सक्ती झाली, युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलांना. या उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दुपारही संध्याकाळसारखी असते. भुसावळच्या ४५ अंशांत ही उसनी काळजी कशाला, हा सवाल तेव्हा खूप झाला आणि तो अगदीच फुका नव्हता. मात्र लिंबाच्या दाट सावलीतून भर उन्हात येणारी काळी मोटारसायकल एकदा ज्याने उशिरा पाहिली, तो हा सवाल पुन्हा करत नाही.

दुचाकीच्या त्या नियमात कार नव्हत्या. तरी कंपन्यांनी डीआरएलच्या पट्ट्या शोभेसाठी भराभर दिल्या, आणि नवी अडचण उभी राहिली. बहुतेक गाड्यांत डीआरएलसोबत मागचे दिवे लागत नाहीत. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दिवेलागणीला पुढे पांढरा उजेड पडतो, मीटरही झगझगीत दिसतं. चालकाला वाटतं दिवे लागलेत, आणि स्विच ‘ऑफ’वरच राहतो. मागून केळीचा ट्रक येत असतो, आणि त्याच्यापुढे गाडीची नुसती काळी पाठ असते.