शस्त्रक्रियेदरम्यानचे किरणोपचार : स्वादुपिंडाचा कर्करोग

पोट उघडे असतानाच, अर्बुद (कर्करोगाची गाठ) काढल्यावर उरलेल्या तळावर किंवा काढता न येणाऱ्या अर्बुदावर, एकाच वेळी मोठ्या मात्रेत किरण देण्याची पद्धती. स्वादुपिंड जठरामागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून असल्याने शेजारच्या आतड्यांना व मूत्रपिंडांना जपत बाहेरून पुरेशी मात्रा देणे कठीण जाते. या अडचणीतून ही पद्धती या अवयवाकडे वळली.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. बार्सिलोनातील कोमास व प्रियो यांनी १९०५ च्या सुमारास गर्भाशयाच्या कर्करोगात असा प्रयोग केल्याचे मानले जाते. काही लेखक मात्र कार्ल बेक यांना अग्रमान देतात. त्यांनी जठराचे अर्बुद जखमेच्या तोंडाशी ओढून त्यावर क्ष-किरण सोडले होते. त्या काळचे क्षीण किरण खोलवर पोचत नसत, म्हणून या दोन्ही प्रयत्नांना पूर्वरूप म्हणणेच अधिक योग्य. आजची पद्धती क्योटो विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या मध्यास आबे व सहकाऱ्यांनी उभी केली. त्यांनी आधी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे किरण आणि नंतर बीटाट्रॉन या त्वरणयंत्रातील इलेक्ट्रॉन वापरले. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉवर्ड विद्यापीठ व बॉस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय यांनी ती स्वीकारली.

इलेक्ट्रॉन ठरावीक खोलीनंतर झपाट्याने क्षीण होतात, हा त्यांचा मोठा गुण. शल्यविशारद जठर व आतडी हाताने बाजूला सारतो आणि तिरप्या कडेची नळी थेट तळावर टेकवतो; किरण चालू असताना सर्वजण खोलीबाहेर थांबतात आणि भूल दिलेल्या रुग्णावर कॅमेऱ्यातून नजर ठेवतात. मात्रा साधारण १० ते २० ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) असते. एका बैठकीतील ही मात्रा रोज थोडी थोडी दिलेल्या दुप्पट-तिप्पट मात्रेइतकी परिणामकारक धरतात; अर्थात धोकाही त्याच प्रमाणात वाढतो. अर्बुद जागीच ठेवल्यास स्वादुपिंडाच्या शिरोभागाला वेढणारी ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) किरणांच्या क्षेत्राबाहेर काढता येत नाही आणि तिला व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अनेकदा त्याच वेळी जठर पुढच्या आतड्याला जोडून अन्नाला वेगळी वाट करून देतात.

स्थानिक नियंत्रण, म्हणजे मूळ जागी रोग आटोक्यात राहणे, सुधारते, असे अनेक केंद्रांचे अनुभव सांगतात. आयुष्य वाढते हे मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नाही, कारण रोग बहुधा यकृतात व उदरावरणात आधीच पसरलेला असतो. वेदनाशमन हा लाभ त्यामानाने कमी वादग्रस्त आहे. महाधमनीलगतच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात रोग शिरल्याने पाठीत भिनणारी, रात्री झोपू न देणारी कळ या उपचारानंतर पुष्कळ रुग्णांत उतरते.