मर्सिडीज-बेन्झ डब्ल्यू १२४ : घरगुती पुनरुज्जीवन

मर्सिडीज-बेन्झच्या १२४ मालिकेतील (कारखान्याचे सांकेतिक नाव डब्ल्यू १२४) सलून मोटारगाडी मालकाने स्वतःच्या आवारात, बहुतांशी हातहत्यारांनी, मूळ स्थितीला आणण्याची प्रथा. ही मालिका नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झाली आणि गाड्या ग्राहकांच्या हाती १९८५ च्या आरंभी पडू लागल्या. त्यामुळे मालिकेचा आरंभ कोठे १९८४, तर कोठे १९८५ असा दिलेला आढळतो. आराखडा कंपनीचे रचनाप्रमुख ब्रूनो साको यांच्या देखरेखीखाली तयार झाला. १९८९ व १९९३ मध्ये मोठे फेरबदल झाले आणि दुसऱ्या फेरबदलाबरोबर ‘ई-क्लास’ हे नाव रूढ झाले. सर्व प्रकार मिळून २५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. जर्मनीत ही गाडी टॅक्सी म्हणूनही सर्रास धावत असे. सुटे भाग दीर्घकाळ मिळत राहिले आणि आलिशान गाडी असूनही ती घरी खोलण्याची प्रथा रुजली, याचे श्रेय या प्रचंड संख्येला द्यावे लागते.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची (फिवा) तुरिन सनद जतन आणि पुनःस्थापन यांत भेद करते : जतनात आहे ते टिकवायचे, पुनःस्थापनात गेलेले परत आणायचे. घरगुती कामात ही सीमा फारशी पाळली जात नाही. बुश (सांध्यांतील रबरी गादी) बदलणारा मालक त्याच आठवड्यात मूळ रंगाचा पापुद्रा खरवडून काढतो, आणि सनदेच्या दृष्टीने त्याचे पहिले काम देखभालीचे, तर दुसरे हानीचे ठरू शकते.

वायरिंगचा प्रश्न : या गाडीबाबत सर्वाधिक वाद इंजिनाच्या वायरिंगवर आहे. साधारण १९९२-९३ ते १९९५ या काळातील पेट्रोल गाड्यांत, विशेषतः एम १०४ व एम १११ या सांकेतिक नावांच्या इंजिनांच्या वायरिंगचे आवरण कडक होऊन गळते. इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या भागाच्या) किंवा तापमान-संवेदकाच्या प्लगजवळची वायर हलकेच वाकवली, तर आवरणाचे तुकडे बोटांवर येतात आणि आतले तांबे उघडे पडते. मग इंजिन आचके देते, वायरी एकमेकींना चिकटल्या तर नियंत्रण संगणकही जळतो. एम १०४ मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या) आतल्या वायरीही त्याच जातीच्या असल्याने केवळ बाहेरचा वायरींचा जुडगा बदलून भागत नाही.

कारणाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार पर्यावरणस्नेही, विघटनशील आवरण मुद्दाम निवडले गेले आणि ते वेळेआधीच विघटित झाले. या मताचे पुरस्कर्ते जर्मनीतील पुनर्वापराच्या कायद्यांकडे बोट दाखवतात. परंतु १९९१ चा जर्मन नियम वेष्टनांपुरता होता. मोडीत निघालेल्या वाहनांविषयीचा युरोपीय निर्देश २००० मधला आहे. शिवाय व्होल्व्होच्या १९८० च्या दशकातील काही गाड्यांच्या इंजिन-वायरिंगचे आवरण असेच गळत असे, म्हणजे दोष या कायद्यांहून जुना आहे. दुसरे मत आवरणाचे मिश्रण आणि बॉनेटखालची उष्णता यांना मिळून जबाबदार धरते. त्याच गाडीच्या केबिनमधील वायरी बहुधा शाबूत राहतात, ही गोष्ट या मताला अधिक पोषक आहे. विघटनशीलतेची कथा मात्र सांगायला सोपी असल्याने तीच अधिक पसरली.

घरी हा जुडगा नव्याने बांधता येतो. मूळ प्लग व रंगसंगती राखून, एका वेळी एकच वायर कापून तिच्या जागी उष्णतारोधक आवरणाची नवी वायर घालायची आणि मगच पुढची हातात घ्यायची, ही सुरक्षित रीत. सांध्याला डाख द्यावा की क्रिम्प करावा (धातूच्या नळीत दाबून जोडावा) यावर कारागिरांचे एकमत नाही. डाख वायरीत झिरपून तिथला भाग ताठ करतो व कंपनाने तो तुटू शकतो, म्हणून इंजिनावर क्रिम्पच बरा. तयार जुडगा घेणाऱ्याने त्यावरील पट्टीची तारीख आधी पाहावी. गाडीचे किलोमीटर मोजण्यापेक्षा ही तारीख अधिक सांगून जाते.

यांत्रिक भाग : मागील चाकांना प्रत्येकी पाच दांड्यांची जोडणी आहे, ती प्रथम १९८२ च्या मर्सिडीज-बेन्झ १९० या गाडीत आली. दांडे बदलणे कठीण नसते, मात्र बोल्ट अखेरचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर असावे लागते. गाडी उचललेली असताना आवळलेले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. पुढील स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरपासून वेगळी, खालच्या दांड्यावर बसवलेली असते. ती काढायला आतून दाबणारा कॉम्प्रेसरच लागतो आणि जुगाड केल्यास प्राणघातक ठरू शकते. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत, हे वेगळे सांगायला नको.

डिझेल इंजिन निर्वाताने (व्हॅक्यूमने) बंद होते. निर्वाताच्या नळ्या चिरल्या की किल्ली काढूनही ते चालूच राहते, आणि नवखा मालक स्विचचा दोष शोधत बसतो. समोरची काच ८६ टक्के पुसणाऱ्या एकमेव वायपरच्या आत-बाहेर सरकणाऱ्या यंत्रणेला अधूनमधून ग्रीस लागते. वातानुकूलनाचा इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) बदलायचा तर सारा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पुष्कळ जण इथेच थांबतात.

गंज जॅक लावण्याच्या जागा, पुढील मडगार्ड आणि बॅटरीखालच्या तबकात धरतो. १९८९ नंतरच्या गाड्यांत दारांच्या खालच्या प्लॅस्टिक पट्ट्यांमागे तो दडून राहतो. पट्ट्या न उतरवता लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे.

भारतात : मर्सिडीज-बेन्झ इंडियाने १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात जुळणी सुरू केली ती याच गाडीने, ई २२० व ई २५० डी हे प्रकार निघाले. तेव्हा जर्मनीत ही मालिका संपत आली होती, त्यामुळे पहिल्या पेट्रोल गाड्या वायरिंगच्या संशयित काळाच्या सीमेवर येतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातील आणि मोठे फेरबदल न झालेली गाडी जुन्या (व्हिंटेज) वाहनांसाठीच्या ‘व्हीए’ या नोंदणी-क्रमांक मालिकेत नोंदवता येते. १२४ मालिकेला हे वय २०३४ च्या आधी गाठता येणार नाही. तोवर १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागू राहतो. मधल्या मालकाने रंग बदलून तशी नोंद करून घेतली असेल, तर कारखान्याच्या मूळ रंगाकडे परतणाऱ्यालाही नोंदणीपुस्तकात रंगबदल पुन्हा नोंदवावा लागतो.