तापनियमन, प्राण्यांतील : बेळगाव सीमाभाग

शरीरात निर्माण होणारी, परिसरातून येणारी आणि बाहेर टाकली जाणारी उष्णता यांचा मेळ घालून शरीराचे तापमान सोसवेल अशा मर्यादेत ठेवण्याच्या प्राण्यांच्या क्रियांना तापनियमन म्हणतात. सस्तन प्राणी व पक्षी नियततापी (शरीराचे तापमान जवळजवळ कायम ठेवणारे) आहेत. सरपटणारे प्राणी, बेडूक व मासे अनियततापी (परिसराप्रमाणे तापमान बदलणारे) होत. गाईचे तापमान साधारणपणे ३८.५° से., मेंढीचे ३९° से. व कोंबडीचे ४१° ते ४२° से. असते. सस्तन प्राण्यांत या क्रियांचे मुख्य नियंत्रण मेंदूतील अधश्चेतकाकडे (हायपोथॅलॅमस या भागाकडे) असते.

बेळगाव जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन टोकांची हवामाने आढळतात. खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जांबोटीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील अथणी भागात तो जेमतेम ५०० ते ६०० मिमी. असतो. कोरड्या हवेत घाम झपाट्याने वाळतो आणि एक ग्रॅम पाणी वाळताना अंगातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेते. दमट हवेत हाच मार्ग जवळजवळ बंद होतो. त्यामुळे अथणीच्या माळावर जे जनावर सुखाने राबते, ते पावसाळ्यात खानापुरातही तितकेच सुखात राहील असे गृहीत धरता येत नाही.

अथणी तालुका व लगतचा विजयपूर जिल्हा हा खिल्लार गुरांचा प्रदेश आहे. या जातीच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही. म्हैसूरकडील हळ्ळीकर व अमृतमहाल गुरांपासून ती निघाली असावी, असे बहुतेक जुन्या पशुवैद्यक ग्रंथांत म्हटले आहे. शिंगांची ठेवण व सडपातळ बांधा पाहता हे मत ग्राह्य वाटते. मात्र ती या भागात नेमकी केव्हा स्थिरावली हे त्यावरून ठरत नाही.

याहून मोठा वाद वशिंडाविषयी आहे. वशिंड व गळ्याखालची पोळी यांमुळे अंगाचे क्षेत्रफळ वाढते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात असे. काहींनी वशिंडाला उंटाच्या मदारीसारखा चरबीचा साठा मानले. दुसरे मत शरीररचनेच्या दृष्टीने लंगडे आहे. भारतीय गुरांचे वशिंड मुख्यतः स्नायूचे असते, चरबी त्यात मिसळलेली असते. पहिल्या मताची परीक्षा विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत झाली. वशिंड व पोळी शस्त्रक्रियेने काढलेल्या जनावरांची उष्णता सोसण्याची क्षमता फारशी घटली नाही. त्यामुळे आज अधिक भर कातडीवर व चयापचयावर दिला जातो. वशिंडाच्या गुरांत घर्मग्रंथी मोठ्या, संख्येने अधिक आणि कातडीच्या पृष्ठभागाजवळ असतात. केस आखूड व चकचकीत असल्याने ऊन परतवले जाते. शिवाय चयापचयाचा वेग युरोपीय गुरांपेक्षा कमी असल्याने मुळात उष्णताच कमी निर्माण होते. यांतील शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे असावे. कमी चाऱ्यावर निभावणे आणि ऊन सोसणे हे गुण एकाच जनावरात का दिसतात, याचाही त्याने उलगडा होतो.

म्हशीची स्थिती याच्या उलट आहे. तिची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथींचे प्रमाण गाईच्या सहाव्या ते दहाव्या हिश्शाइतके, असे वेगवेगळे आकडे आढळतात. उन्हात तिचे तापमान लवकर चढते, पण पाण्यात ते तितक्याच लवकर उतरते. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. अंगावर राहिलेला चिखल सावकाश वाळतो, म्हणून डबक्यातून बाहेर आल्यावरही गारवा टिकतो व माश्यांपासून बचाव होतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूरप्रमाणे बेळगाव भागातही पाळल्या जाणाऱ्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीला हेच नियम लागू आहेत. उन्हाळ्यात माजाची लक्षणे दिसेनाशी होतात. पशुपालक याला मुका माज म्हणतात. त्यात उष्णतेबरोबर दिनमानाचाही वाटा असतो. तळी बुजली आणि गोठे पत्र्याचे झाले की म्हशीचा निसर्गदत्त उपाय हिरावला जातो. त्या ठिकाणी दुपारी अंगावर पाणी मारणे ही चैन समजू नये.

धनगरांच्या डेक्कनी मेंढीची काळी लोकर उन्हात तोट्याची वाटते. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांच्या मोजणीत लोकरीच्या टोकाशी ८५° से.च्या आसपास तापमान असताना कातडीशी ते ४२° से.च्या जवळपास आढळले. डेक्कनी मेंढीची लोकर मेरिनोपेक्षा जाड व विरळ असल्याने तो आकडा जसाच्या तसा येथे लावता येणार नाही, तत्त्व मात्र तेच : लोकर बाहेरची उष्णता कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. भर दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात. डोक्यावरचे ऊन टाळण्याचा तो उपाय होय.

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. ते चोच उघडून धापा टाकतात. गोकाक तालुक्यातील धुपदाळ जलाशयाजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारा पांढरा करकोचा तापलेल्या वेळी स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतो आणि ती वाळताना पायांतील रक्त थंड होते.

वटवाघळांत विश्रांतीच्या वेळी तापमान खाली जाऊ देण्याची क्षमता असते व त्यासाठी जागेची निवड महत्त्वाची ठरते. खोल गुहांतील हवा दमट असून तिचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. भीमगड अभयारण्यातील (घोषणा २०११) बारापेडे गुहांतून मिळालेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ मध्ये राउटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचे वर्णन केले. ही जाती याच गुहांपुरती आहे असे अनेक दशके मानले गेले. मेघालय व कंबोडिया येथील नोंदींनंतर ते मत सोडावे लागले. या गुहांचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

सरडे व साप ऊन-सावली बदलून तापमान साधतात. बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतात.

दूधसंस्थांबरोबर आलेल्या होल्स्टीन संकरित गाईंना २५° से.च्या वर ताण जाणवू लागतो. तापमान व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक ७२ च्या पुढे गेला की दूध घटते, असे सामान्यतः मानले जाते. अलीकडच्या मतानुसार जास्त दुधाच्या गाईंत ही मर्यादा आणखी खाली, ६८ च्या सुमारास असावी.